जावयाच्या हातचा घोडा

माझ्या हाताखाली सुतारकी शिकायला आजवर चौघं आले. त्यातले तिघं पळून गेले. एक तर माझा सख्खा पुतण्या होता. तो पटाशी अंगणात फेकून गेला आणि पुढं दोन वर्षं माझ्या दारावरून जाताना मान वळवून जायचा. मी कुणावर हात टाकला नाही. मी फक्त बोलायचो. पण माझं बोलणं म्हणजे बाभळीचा पाला, तो शेळीनंच खावा. लाकूड चुकीचं कापलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते आणि शिवी बाहेर पडल्याशिवाय ती उतरत नाही. माझ्या वडलांनी मला असंच शिकवलं. त्यांच्या शिव्या खातखातच मला लाकडाचा उभा धागा आणि आडवा धागा कळला, म्हणून मला वाटायचं की शिकवण्याची रीतच ती.

चौथा माझा जावई होता, आणि त्याला मला शिवी देता येत नव्हती.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जावई आणि त्याचा थोरला भाऊ जालन्याला एका लाकडाच्या वखारीत आरा ओढायचे. आरा म्हणजे पुरुषभर लांबीची दोन मुठींची करवत. ओंडका उंच टेकणावर चढवायचा, एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली, आणि दोघांनी मिळून ओढत ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या. जावई वरचा गडी होता. वरच्याच्या हातात दिशा असते, खालच्याच्या हातात नुसता जोर. मग त्या वखारीत इंजिनावर चालणारी मशीन आली. जे काम हे दोघं भाऊ दोन दिवसांत करायचे ते मशीन चहा निवायच्या आत करायला लागली. भाऊ औरंगाबादकडं गेला. जावई माझ्या लेकीला घेऊन आमच्याकडं आला. पंधरा दिवसांसाठी म्हणून आला आणि पाच महिने झाले.

गावात लोक काही तोंडावर म्हणत नव्हते. पण लेक पाण्याला गेली की आडावर बायका तिला विचारायच्या, "जाणार कवा गं?" ती घागर भरून घरी यायची आणि न बोलता चुलीपुढं बसायची. लग्न झालेली लेक आईच्या चुलीवर किती दिवस भाकरी थापणार? तिला स्वतःची चूल पाहिजे होती. मला ते दिसत होतं, आणि त्याला दिसत होतं की मला दिसतंय. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह बिचारा कुणाला पीडा देत नव्हता, अंगणाच्या कोपऱ्यात बसून माझ्या करवतींना धार लावत होता.

असं असताना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या गावचे पाटील आमच्या दारात आले. त्यांच्या गावचा सुतार वारला होता, मागं कुणी नव्हतं. त्यांच्या खंडोबाचा लाकडी घोडा वाळवीनं खाल्ला होता. चंपाषष्ठीला त्या गावात देवाचा मुखवटा घोड्यावर बसवतात, गडी पोटाखाली दांड्या घालून घोडा उचलतात आणि देवळापासून वेशीपर्यंत नेतात. वाटेत पाच ठिकाणी आरती होते. पाचही ठिकाणी घोडा खाली, आपल्या चार पायांवर उभा करायचा. घोडा डुगडुगला तर ते वर्ष गावाला वाईट, असं ते मानायचे.

"देवळातला लिंब वादळात पडला, त्याचा ओंडका दोन वर्षं सावलीत वाळवून ठेवलाय," पाटील म्हणाले. "घोडा त्याच लाकडाचा झाला पाहिजे. अन् मिस्तरी, एक गोष्ट साफ सांगतो. तुमचा हात आम्हाला माहीत हाय. तुमचा हात नको. जावयाच्या हातचा घोडा पाहिजे. घोडा बराबर झाला तर वेशीजवळचं सुताराचं घर अन् गावची सुतारकी त्यांची. न्हाई झाला तर आम्ही दुसरा माणूस पाहतो."

दाराआड लेक उभी होती. तिच्या हातात परातीतलं पीठ होतं, ते तसंच राहिलं. 

आठ दिवसांनी बैलगाडीतून ओंडका आला. मी जावयासमोर बसलो आणि घोडा कसा करायचा ते जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं. धड, मान आणि डोकं एका ओंडक्यातून. चार पाय उरलेल्या लाकडातून वेगळे. पायाच्या वरच्या टोकाला कुसू काढायचा, म्हणजे चौकोनी जीभ, आणि ती पोटाखाली कोरलेल्या चौकोनी भोकात ठोकून बसवायची. खिळा नाही, सरस नाही. कुसू भोकात बरोबर बसला तर घोडा शंभर वर्षं उभा राहील.

"समजलं का, जावईबापू?" मी विचारलं.

"व्हय मामा," तो म्हणाला. तो मला मामा म्हणायचा, मी त्याला अहो-जाहो करायचो. आमच्यात जावयाला पाटावर बसवतात, आधी त्याचं ताट वाढतात, त्याच्या देखत आवाज चढवत नाहीत. घरात कितीही दिवस राहिला तरी तो पाहुणा. या रीतीत सुतारकी कशी शिकवायची ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. ओंडका उंच चढवला. वरचा गडी तो, म्हणजे खाली मी. जावयाचे पाय सासऱ्याच्या डोक्यावर! तो वर चढेना. मी म्हणालो, चढा. तो चढेना. शेवटी खाली वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि मग चढला. दुपारपर्यंत माझे डोळे भुशानं भरले होते. पण एक सांगतो, असा सरळ आरा मी जन्मात ओढलेला नव्हता. त्याच्या हाताला जणू आतून कुणी दोर बांधला होता.

वाकस मात्र त्याच्या हातात वैऱ्यासारखा होता. वाकस म्हणजे आडव्या पात्याची छोटी कुऱ्हाड, तिनं लाकूड तासतात. मी वाकसानं घोड्याची मान काढतो तेव्हा ढलप्या पापडासारख्या उडतात. तो मारायचा तेव्हा वाकस रुतून बसायचा नाहीतर घसरायचा. दोन दिवस त्यानं खटपट केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर त्यानं वाकस बाजूला ठेवलेला. हातात करवत. मानेच्या खोलगट भागात त्यानं बोटा-बोटाच्या अंतरावर आडव्या चिरा पाडल्या होत्या, प्रत्येक चीर हवी तेवढीच खोल. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट पाठीनं, एकेक ठोका द्यायचा, की मधला तुकडा निखळून पडायचा.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. हे काय कोरणं झालं? ही तर लाकूडफोड्याची रीत! शिवी ओठांपर्यंत आली. मी अंगणातल्या शेळीकडं वळलो आणि तिला तिच्या सात पिढ्यांसकट झोडून काढलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात तसं. शेळी रवंथ करत राहिली. जावयाचे कान लाल झाले.

पण खोटं कशाला सांगू, चार दिवसांत ओंडक्यातून घोडा बाहेर आला. मला वाकसानं दोन आठवडे लागले असते. मान चांगली बाकदार झाली होती. पटाशीनं अंग गुळगुळीत करायला शिकवलं, तेही त्याला जमलं. मी म्हणालो, "छान, जावईबापू." तो घाम पुसून पुन्हा बसला.

खरा घोटाळा पुढं, पायांपाशी झाला.

लाकूड कापण्याआधी आम्ही सूत मारतो. काजळात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, की लाकडावर काळी रेघ उठते. आता आरा ओढणाऱ्याचं, आराकसाचं, असं की रेघेच्या दोन्ही बाजूंना फळ्या. रेघ कुणा एकीची नाही. म्हणून तो आरा बरोबर रेघेच्या डोक्यावरून नेतो. वखारीत त्यालाच चांगला हात म्हणतात. सुताराचं उलटं. सुताराला रेघेच्या एका बाजूचं लाकूड पाहिजे, दुसऱ्या बाजूचं टाकायचं. म्हणून करवत रेघेच्या बाहेरून न्यायची, रेघ लाकडावर जिवंत ठेवायची, आणि शेवटी पटाशीनं ती पुसायची. आम्ही याला सूत राखणं म्हणतो. मला हे वडलांनी सातव्या वर्षी एका रट्ट्यात शिकवलं होतं.

जावयानं पहिल्या पायाचा कुसू कापला तेव्हा मी शेजारीच होतो. करवत रेघेवर चढली. रेघ गेली. सूत खाल्लं. मी बघत होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, अरे आंधळ्या, सूत राख. पण लेक तेव्हाच ताक घेऊन बाहेर आली होती. नवऱ्याला बापानं आंधळा म्हटलेलं तिनं कसं ऐकावं? आणि गोड शब्दांत चूक सांगायची कशी, ते मला येतच नव्हतं. मला एकच भाषा येत होती.

"चालतंय," मी म्हणालो. मूग गिळून गप्प बसलो.

मग त्यानं चारही कुसवांचं सूत खाल्लं. पोटाखालची भोकं कोरतानाही पटाशी रेघेवरच ठेवली. म्हणजे जीभ दोन्हीकडून बारीक आणि तोंड दोन्हीकडून मोठं. प्रत्येक वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो, "चालतंय." आज आठवलं तरी माझा मला राग येतो. चूक त्याची नव्हती. त्यानं वखारीतला सगळ्यात चांगला हात चालवला होता.

पाय बसवून घोडा उभा केला. पाठीवर ज्वारीची दोन पोती ठेवली. तीन पाय कसेबसे धरून राहिले. मागचा डावा पाय बोटानं ढकलला तरी हलत होता. जावयाचा चेहरा उतरला. चंपाषष्ठीला नऊ दिवस उरले होते, आणि पाटील पंचांना घेऊन चौथ्या दिवशी बघायला यायचे होते.

"मामा, काय चुकलं माझं? सांगा की," तो म्हणाला.

"काही न्हाई चुकलं. होतं असं. पाचर मारू," मी म्हणालो. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी तिथून उठलो.

दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावचा बाजार होता. घोड्याला चोळायला जवसाचं तेल पाहिजे म्हणून मी त्याला सकाळीच तिकडं धाडलं. तो वळणाआड गेला आणि मी हत्यारं काढली. त्या लिंबाचा एकच तुकडा शिल्लक होता. मी त्यातून नवा पाय काढला. दाराला आडणा लावून, भर दुपारी, चोरासारखा. मोठ्या झालेल्या भोकाच्या मापानं, सूत राखून कुसू कापला. जुना पाय काढून नवा ठोकला तेव्हा तो असा गच्च बसला की मला हसू आलं. जुना पाय मी सरपणात फेकला.

मागं वळलो तर लेक उभी.

"आबा, पाटील काय म्हणाले होते?"

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच करून राह्यलो."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "त्यांच्याच हातचा पाहिजे म्हणले होते ना? तुम्ही त्यांना एक शिवी न्हाई दिली दीड महिन्यात. ते मला रोज इचारतात, मामा माझ्यावर चिडत का न्हाईत? मी काय सांगू? मला माहीत हाय ना. ज्याच्याकडून तुम्हाला काही आशा न्हाई, त्याच्याशीच तुम्ही गोड बोलता. गेल्या साली सोयरिकीत आल्ता तो येडा पोरगा, त्याच्याशी बोलायचे तसं तुम्ही माझ्या नवऱ्याशी बोलून राह्यले."

तिनं सरपणातून तो पाय उचलला, पदरानं पुसला आणि घरात नेला.

संध्याकाळी जावई तेल घेऊन आला. आल्याआल्या त्यानं घोड्याच्या मागच्या डाव्या पायावर हात ठेवला. ढकलून पाहिला. मग खाली बसून कुसवाच्या कडेवरून नख फिरवलं. तिथं माझी पटाशी लावायची राहून गेली होती आणि काजळाची रेघ तशीच होती. हा पाय आपला नाही हे त्याला कळलं. वर मान करून त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रात्री अर्ध्या भाकरीवर उठला. मी मनात म्हणालो, बोलत नाही ते बरं. दोन दिवस निघाले की घर मिळालं. मग आयुष्यभर राहा माझ्यावर रुसून.

पाटील आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बरोबर तीन पंच. घोडा अंगणात लिंबाखाली उभा. तेल चोळल्यामुळं अंग तांबूस चमकत होतं. पाटलांनी मानेवरून हात फिरवला, कानात बोट घातलं, वाकून पोट पाहिलं. एका पंचानं पाठीवर सगळा भार टाकून हलवून पाहिलं. घोडा हलला नाही. माझ्या बायकोनं आत चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

"बराबर झालाय," पाटील म्हणाले. "सगळा तुमच्याच हातचा ना, जावईबापू?" विचारायचं म्हणून विचारलं होतं त्यांनी. नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"न्हाई," जावई म्हणाला.

पाटलांचा हात घोड्यावरच राहिला.

"धड माझं. तीन पाय माझे. मागचा डावा पाय मामांनी केला. माझा डुगडुगत होता."

मग मात्र दीड महिना गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "अरे गाढवा!" मी ओरडलो. "तोंडात दात हायेत का दगडं? घर हातात आल्तं तुझ्या! तुझ्या बायकोचं घर! खरं बोलायची एवढी खाज होती तर सूत राखायचं होतंस, मुर्खा! चारी कुसवांचं सूत खाल्लंस! रेघेच्या डोक्यावरून करवत नेतो, तुला काय वखारीत फळ्या पाडायच्या होत्या?"

सासऱ्यानं जावयाला चार परक्या माणसांत अरे म्हटलं, गाढव म्हटलं. आत बायकोच्या हातून काहीतरी पडलं. पंच एकमेकांकडं बघू लागले.

जावई माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. "सूत?" तो म्हणाला. "रेघ ठेवायची व्हती का?"

"मंग काय खायची व्हती?"

"मला कुणी सांगितलंच न्हाई," तो हळूच म्हणाला.

पाटील माझ्याकडं वळले. "मिस्तरी, देवाच्या घोड्याला लबाडीचा पाय लावला तुम्ही. काढा तो."

मी स्वतःच्या हातानं तो पाय ठोकून काढला. घट्ट बसला होता, निघता निघेना. लोक बघत होते. पाय निघाला तसा घोडा एका बाजूला कलला. लाकूड संपलं होतं. आता दुसरा पाय कशातून करायचा? पाटलांनी उपरण्याची घडी खांद्यावर टाकली. म्हणजे निघायच्या बेतात.

तेवढ्यात लेक बाहेर आली. पाटलांसमोर ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिनं तो जुना पाय नवऱ्याच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

त्यानं पाय उलटसुलट केला. भोकात घालून पाहिला, काढला. एवढं लाकूड कापलं त्यानं आयुष्यात, पण एवढा वेळ लाकडाकडं बघताना मी त्याला पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "पाटील, थोडं बसता का? आरा ओढताना चीर मिटती, करवत अडकती. तवा आम्ही चिरंत पाचर ठोकतो, मंग चीर फाकती. या कुसवाला मी मधोमध चीर पाडतो. चिरंच्या तोंडात पाचर धरतो. पाय आत ठोकला की पाचरीचं बूड भोकाच्या तळाला टेकल, पाचर आत शिरल अन् कुसू आतल्या आत फुगल."

मी उडालो. हे मला माहीत होतं, माझ्या आज्ज्यानं एकदा केलेलं मी पाहिलं होतं. मी मात्र कधी करायला धजलो नव्हतो. कारण एकदा पाचर आत गेली की पाय परत निघत नाही. वाकडा गेला तर वाकडाच राहिला. पाचर जाड झाली तर घोड्याचं पोट फाटलं. बारीक झाली तर पाय डुगडुगता तो डुगडुगताच, आणि वर निघणारही नाही.

"अन् पोट फाटलं तर?" पाटलांनी विचारलं.

"तर घोडा गेला," जावई म्हणाला. "अन् मीबी."

पाटील खाली बसले. "आम्ही बसून राह्यलो. करा."

त्यानं कुसवावर सूत मारलं. करवत उचलली. माझ्यानं राहवेना. "एका रेघेनं भागत न्हाई, बैला! दोन मार! दोन रेघांच्या मधली चीर!" त्यानं दुसरी रेघ मारली. करवत चालू झाली. "हळू! सूत राख! डोळे फुटले का, सूत राख!"

"राखतो मामा."

"बोलू नको, करवतीकडं बघ!"

चीर पडली. दोन्ही बाजूंना काळ्या रेघा जिवंत होत्या. मग त्यानं पाचर तासायला घेतली, त्याच लिंबाच्या ढलपीची. मी म्हणालो, जाड आहे, पोट फाडतोस का घोड्याचं. त्यानं एक पापुद्रा काढला. मी म्हणालो, अजून जाड आहे, भोपळ्या. त्यानं पाचर चिमटीत धरली, भोकाच्या तळाला लावून पाहिली, अंगठ्यानं मापली. "न्हाई मामा," तो म्हणाला. "बस झालं. आता काढली तर ढिली व्हईल."

पहिल्यांदा त्यानं मला नाही म्हटलं होतं. मला पाचर अजून जाडच वाटत होती. मी गप्प बसलो, पण या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं. मी खरोखर भ्यालो होतो.

घोडा आडवा केला. त्यानं पाय भोकाच्या तोंडाशी धरला, गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून सरळ पाहिला. एकदा बायकोकडं नजर टाकली. ती दाराची चौकट धरून उभी होती, डोळे मिटून. लाकडी मोगरी उचलून त्यानं पहिला ठोका दिला. पाय चार बोटं आत गेला. दुसऱ्या ठोक्याला पाचर तळाला टेकली, ते आवाजावरून मला कळलं. तिसऱ्याला लाकूड करकरलं. पोटाच्या कातडीसारख्या गुळगुळीत लाकडावर केसाएवढी एक रेघ उठली, भोकाच्या कोपऱ्यातून निघून नखभर पुढं गेली. पोट फाटतंय.

त्यानं मोगरी थांबवली. रेघेवर बोट ठेवलं. अजून अर्धं बोट पाय आत जायचा होता. एक पंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता." जावयानं माझ्याकडं पाहिलं.

"मार," मी म्हणालो. "हळू नको मारू, घाबरून मारलेला ठोका लाकूड फाडतो. मार, माझ्या लेकरा."

हे शेवटचे शब्द कसे आले ते मला माहीत नाही. त्यानं मारला. आवाज बदलला, भरलेल्या रांजणासारखा झाला. पाय पोटाला भिडला. ती केसाएवढी रेघ होती तिथंच थांबली.

घोडा उभा केला. पोती आणली. दोन पंच दोन्ही बाजूंनी लोंबकळले. पाटलांनी स्वतः वाकून मागचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून हलवला. त्यांच्या कपाळावर शीर उठली. पाय हलला नाही. आणि आता चारही पाय सारख्या जाडीचे होते. माझा पाय इतर तिघांपेक्षा जाड होता, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. पाटलांच्या आधीच लक्षात आलेलं असणार.

"जावईबापू, घर झाडून ठेवायला सांगतो," पाटील म्हणाले. "दोन दिवसांत या." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "मिस्तरी, तुमचा मान हाय. पण यंदा चंपाषष्ठीला तुम्ही आमच्या गावात येऊ नका. देवाला फसवायला निघाले होते तुम्ही."

चहा न घेता ते गेले. मला ते लागलं. पंचवीस वर्षं पंचक्रोशीत एकही माणूस माझ्या कामाला नाव ठेवू शकला नव्हता. पण त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही.

दोन दिवसांनी लेक आणि जावई ओढ्यापलीकडं गेले. गाडीत दोन गोधड्या, भांड्यांचं एक पोतं आणि माझी एक करवत, जी मी त्याला दिली. चंपाषष्ठीला माझी बायको तिकडं गेली. मी एकटा ओसरीवर बसलो. वारा तिकडून होता, हलगी ऐकू येत होती. मी आवाज मोजत होतो. हलगी थांबली की समजायचं, आरती चालू, घोडा खाली ठेवला. एक. दोन. तिसऱ्या वेळी हलगी जरा जास्तच वेळ थांबली आणि मला घाम फुटला. मग पुन्हा वाजली. चौथी, पाचवी. पाचव्यानंतर तिकडून येळकोटाचा आरडा उठला आणि मी बसल्या जागी रडलो. सांगायला लाज कशाची?

दिवस मावळायला आला तेव्हा बायको आली आणि मागून लेकही आली. तिनं नैवेद्याचं भरीत आणि रोडगा फडक्यात बांधून आणला होता. माझ्यासमोर ठेवला आणि पाणी प्यायली. कपाळाला भंडारा लागलेला.

"पाय?" मी विचारलं.

"न्हाई हलला. पाची ठिकाणी न्हाई हलला. लोक त्यांना इचारत होते, कुणाकडं शिकले. ते म्हणाले, मामांकडं. एका दुपारी."

मी रोडगा मोडला. बायको तिला म्हणाली, "अंधार पडून राह्यला, आजच्या रात्री ऱ्हा इथंच. सकाळी जा." पाच महिने याच ओसरीवर ती मान खाली घालून वावरली होती. आता तिनं फडकं झटकलं, घडी घातली आणि उठली.

"न्हाई आई," ती म्हणाली. "घरी दिवा लावायचाय."